गेरू लागला

वैशाखातली रात्र होती. सिन्नरजवळ अण्णांच्या शेतात बोरची गाडी लागली होती आणि कॉम्प्रेसरच्या आवाजात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं. अण्णा म्हणजे माझे धाकटे चुलते. पाणाड्यानं तळहातावर नारळ उभा करून दाखवलेल्या जागेवर हळद-कुंकू वाहिलेलं होतं. एक रॉड खाली उतरला की गाडीवरचा पोरगा वर आलेली भुकटी घमेल्यात धरायचा आणि बांधाच्या कडेनं ओळीनं ढीग घालत जायचा. आधी पिवळसर मुरूम. मग काळा पाषाण, त्याची भुकटी मात्र राखेसारखी करडी. मग मांजऱ्या खडक, त्यात पांढरे-हिरवट कण. आणि एकाएकी पाइपाच्या तोंडातून लाल धुरळा उसळला. दिव्याच्या झोतात तो गुलाल उधळल्यासारखा दिसला. अण्णा माझ्या कानाशी येऊन ओरडले, "गेरू लागला! आता बोर ढासळायची भीती."

मी वाकून त्या ढिगातली चिमूट उचलली. मऊ होती, बोटांच्या रेषांत जाऊन बसली. आपल्याकडचा खडक म्हणजे लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. एक थर ओतला गेला, निवला, त्यावर ऊन-पाऊस झाला, त्यातल्या लोखंडाला गंज चढला आणि त्याची लाल माती झाली. मग वरून दुसरा थर आला आणि ती माती दाबून, भाजून गेला. म्हणजे मी बोटांनी चोळत होते तो गंज साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या हवेनं चढवलेला होता. लोखंड तांबडं झालं की समजायचं, इथं कधीतरी ऑक्सिजन येऊन गेला. ही साधी खूण मनात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाणी पहाटे लागलं. अण्णांनी पहिली ओंजळ कपाळाला लावली. आठवड्याभरानं पंप बसल्यावर मी रीतसर नमुना घ्यायला गेले. पंप आधी दहा मिनिटं चालू ठेवायचा, पाइपात थांबलेलं पाणी जाऊ द्यायचं. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची. धातू तपासायचे असतील तर दुसरी बाटली, तिच्यात नायट्रिक आम्लाचे थेंब, म्हणजे धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून बसत नाहीत. गेली एकोणीस वर्षं नाशकात मी हेच काम करते. दिंडोरी, निफाड, येवला, चांदवड, सगळीकडचं पाणी माझ्या टेबलावर येतं. अण्णा शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले, "ते युरेनियमचंही तेवढं बघ गं. पेपरात आलंय."

हा प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात, काही घाबरून विचारतात. अण्णांच्या पाण्यात ते मोजण्याजोगं निघालं नाही आणि त्यात आश्चर्यही नव्हतं. आपल्या बेसॉल्टमध्ये युरेनियम फारच कमी, एका टनात ग्रॅमभरही नाही. ग्रॅनाइटमध्ये टनाला तीन-चार ग्रॅम सहज असतं. अण्णांना फोनवर सांगितलं आणि त्यांच्यापुरता विषय संपला. माझा मात्र तिथून सुरू झाला. कारण "मग ज्यांच्या खडकात असतं, त्यांच्या पाण्यात ते येतं कसं?" असं त्यांनी जाता जाता विचारलं, आणि "विरघळून येतं, अण्णा" हे माझं उत्तर मलाच अपुरं वाटलं.

कारण युरेनियमचं मूळ धातुक, युरेनिनाइट, पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. मीठ विरघळतं तसं तर मुळीच नाही. त्याचं आधी ऑक्सिडीकरण व्हावं लागतं, म्हणजे लोखंडाला चढतो तसा गंज चढावा लागतो. तसं झालं की त्याचा युरेनिल आयन, म्हणजे ऑक्सिजन जोडलेला विद्युतभारित कण होतो, आणि पाण्यात बायकार्बोनेट असेल तर तो त्याच्याशी जोडी जमवून कुठल्या कुठे वाहत जातो. पण धातुकाचे काही मोठे साठे असतात जमिनीत शेकडो मीटर खाली. तिथलं पाणी जुनं असतं, त्यातला प्राणवायू वाटेतच लोखंडानं, सेंद्रिय द्रव्यानं, जिवाणूंनी खाऊन संपवलेला असतो. मग तिथं ऑक्सिडीकरण करणार कोण?

तो खडकच करतो. हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा मी टेबलावरून उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले होते.

युरेनियमचा अणू फुटतो तेव्हा त्यातून अल्फा कण सुटतो. त्याच्यापाशी सुमारे ४२ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते, आणि पाण्याच्या रेणूतला एक बंध तोडायला पाचेक पुरतात. तो कण खडकाच्या पृष्ठभागातून शेजारच्या पाण्यात शिरला तर केसाच्या निम्म्या जाडीइतकंही अंतर जात नाही, पण तेवढ्यात वाटेतल्या लाखाहून जास्त रेणूंचा चुराडा करतो. तुटलेले तुकडे पुन्हा एकमेकांना चिकटतात. बरेचसे परत पाणीच होतात. पण काही वेगळ्या जोड्या जमतात. एकीकडे हायड्रोजन वायू, दुसरीकडे हायड्रोजन पेरॉक्साइड. पाणी असं किरणांनी फुटण्याला रेडिओलिसिस म्हणतात.

हायड्रोजन पेरॉक्साइड म्हणजे औषधाच्या कपाटातली ती तपकिरी बाटली. आमच्या घरी ती आईच्या ताब्यात असायची. भाचा पहिल्यांदा सायकलवरून पडला तेव्हा त्याच्या गुडघ्यावर आईनं कापसानं ते लावलं. जखमेतून पांढरा फेस वर आला, बारीक चुरचुर आवाज झाला आणि तो रडायचा थांबून बघतच राहिला. "आजी, हे उकळतंय का?" रक्तातलं एक विकर पेरॉक्साइडमधून प्राणवायू मोकळा करतं, त्याचा तो फेस. ती बाटली मी कित्येकदा हाताळली, प्रयोगशाळेतही रोज असते. पण जमिनीखाली, अंधारात, कुणी न बनवता ते द्रव्य तयार होत असतं आणि धातुकाच्या अंगावर काम करत असतं, हे माहीत झाल्यापासून ती बाटली मला पूर्वीसारखी दिसत नाही.

मी गणित करून बघितलं, कारण आकडे मांडल्याशिवाय माझं समाधान होत नाही. एक ग्रॅम युरेनियममध्ये दर सेकंदाला सुमारे १२,४०० अणू फुटतात. एका अल्फा कणानं आपली सगळी ऊर्जा पाण्यातच खर्च केली तर पेरॉक्साइडचे ४० हजारांच्या आसपास रेणू होतात. ऐकायला प्रचंड वाटतं. पण या वेगानं एक ग्रॅम पेरॉक्साइड साठायला अकरा लाख वर्षं लागतील. युरेनियमबरोबर त्याची पुढची पिढीही असते: थोरियम, रेडियम, रेडॉन, पोलोनियम, अशी शिशापर्यंतची सगळी साखळी. तिच्यात एकूण आठ अल्फा कण सुटतात, त्यांची ऊर्जा धरली तर वेळ एका लाख वर्षांवर येतो. माणसाच्या हिशेबानं तरीही कल्पान्त. खडकाच्या हिशेबानं मात्र काहीच नाही.

प्रयोगशाळेत हे पहिल्यांदा दिसलं ते १९०२च्या सुमारास. रेडियम हाती येऊन चारच वर्षं झाली होती. फ्रीड्रिश गीझेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की रेडियम ब्रोमाइडच्या द्रावणातून आपोआप वायू सुटतो, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. जमिनीखालचा पुरावा यायला बराच वेळ लागला. कॅनडातले दोन आणि आफ्रिकेतल्या गॅबॉनमधला ओक्लो, अशा युरेनियमच्या तीन साठ्यांजवळच्या स्फटिकांत फ्रेंच संशोधकांना पाण्याचे सूक्ष्म थेंब अडकलेले सापडले, आणि त्या थेंबांतल्या बुडबुड्यांत हायड्रोजन होता. काहींत तर हायड्रोजन आणि ऑक्सिजन शेजारी शेजारी. हे १९८८ साली प्रसिद्ध झालं. स्फटिक न फोडता आतला वायू ओळखला तो रामन यांनी १९२८ साली शोधलेल्या परिणामावर चालणाऱ्या यंत्रानं. फुटलेलं पाणी, परत जुळायची संधी न मिळता, कोट्यवधी वर्षं तसंच बंद. (माझ्या टेबलावर पांडवलेण्याच्या डोंगराकडच्या खाणीतला एक हिरवा अ‍ॅपोफिलाइट आहे, वडिलांनी दिलेला. त्याच्याही जडणघडणीत पाणी बांधलेलं असतं. हे वाचलं त्या दिवशी मी तो उजेडाकडे धरून किती तरी वेळ फिरवत होते. त्यात बुडबुडा नाही.)

ओक्लोबद्दल सांगायचं तर रात्र पुरणार नाही. तिथं सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी धातुकात पाणी झिरपलं आणि निसर्गातच अणुभट्टी पेटली. १९७२ साली तिथल्या धातुकात युरेनियम-२३५चं, म्हणजे अणुभट्टीत खर्च होणाऱ्या प्रकाराचं, प्रमाण ०.७२०२ टक्क्यांऐवजी किंचित कमी, ०.७१७ भरलं, आणि एवढ्याशा तफावतीवरून तिचा छडा लागला. तिसऱ्या दशांश स्थळावर एका विश्लेषकानं विश्वास ठेवला! माझ्या धंद्यातल्या माणसाला याहून मोठा मान कोणता?

पण मला जास्त वेळ अडकवून ठेवलं ते सिगार लेकनं.

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात सुमारे ४३० मीटर खोलीवर हा साठा आहे. एका टन धातुकात शंभर किलोहून जास्त युरेनियम, इतका श्रीमंत. वय सुमारे १३० कोटी वर्षं. वरचे गणित इथं लावून बघा. एका ग्रॅम युरेनियमनं एवढ्या काळात दहा-बारा किलो पेरॉक्साइड बनवायला हवं. आणि तेवढं युरेनियम विरघळवायला त्याच्या वजनाच्या सातव्या हिश्श्याइतकंच पेरॉक्साइड पुरतं. कागदावर तो साठा हजारो वेळा विरघळून वाहून जायला हवा होता. पण तो जागेवर आहे. भोवती पाणी आहे, तरी जागेवर आहे. वर जमिनीवर उभं राहिलं तर खाली काही आहे याची जवळजवळ खूणही मिळत नाही.

माझ्या गणितात चूक कुठे होती? एक तर अल्फा कणांची बहुतेक ऊर्जा धातुकाच्या आतच जिरते, पाण्याला भिडतो तो फक्त पृष्ठभागावरचा पातळ थर. पण ती वजाबाकी करूनही, शास्त्रज्ञांनी सुरुवातीला बांधलेली गणितं प्रत्यक्षापेक्षा जास्तच ऑक्सिडीकरण दाखवत होती. त्यांनी धरलं नव्हतं ते त्याच फुटण्यातून निघालेल्या दुसऱ्या भावंडाला, हायड्रोजनला. पेरॉक्साइड युरेनियमला गंज चढवतं, आणि हायड्रोजन धातुकाच्याच पृष्ठभागाच्या मदतीनं तो उतरवतो. एकाच घावातून दोघं जन्मतात आणि उलट दिशांना ओढतात. शिवाय आजूबाजूचं लोखंड पेरॉक्साइडचा मारा स्वतःवर घेतं, आणि भोवतीच्या चिकणमातीचं वेष्टन पाण्याला नीट वाहूच देत नाही. म्हणून तिथं युरेनियम पाण्यात आहे, पण थेंबाथेंबानं.

आणि त्या चिकणमातीत, धातुकाला लागून, तांबडा पट्टा आहे. गंजलेल्या लोखंडाचा. त्या लाल रंगात जुन्या गरम पाण्याचा वाटा किती आणि रेडिओलिसिसचा किती, यावर अभ्यासकांनी पुष्कळ खल केला आहे. मला तो पट्टा वाचताना अण्णांच्या बांधावरचा ढीगच दिसला. आमचा गेरू हवेनं लाल केलेला. तिथला काही अंशी तरी अशा ऑक्सिजननं, ज्यानं कधी आभाळ पाहिलेलंच नाही.

ही सगळी खटपट नुसत्या कुतूहलापोटी नाही. अणुभट्टीतलं वापरून झालेलं इंधन हेही मुख्यतः युरेनियम ऑक्साइडच. फिनलंडमध्ये ओंकालोला ते ४०० मीटरहून खाली खडकात पुरायची व्यवस्था केली आहे. लाखभर वर्षांनी पाणी तिथवर पोचलंच तर काय होईल, हे कुणी प्रयोग करून बघू शकत नाही. सिगार लेकनं तो प्रयोग आपल्यासाठी आधीच करून ठेवला आहे.

हायड्रोजनचं आणखी एक काम आहे, आणि हे मला सगळ्यात सुंदर वाटतं. ते कुणाचं तरी जेवण आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या एम्पोनेंग सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खोल भेगेतल्या पाण्यात एक जिवाणू सापडला. त्याला ऊन ठाऊक नाही, वरचं पान-फूल ठाऊक नाही. खडकातल्या युरेनियमनं पाणी फोडायचं, त्यातला हायड्रोजन यानं घ्यायचा. पेरॉक्साइडनं गंधकाच्या खनिजांचं सल्फेट करायचं, तेही यानंच घ्यायचं. म्हणजे ताटातले दोन्ही पदार्थ खडकानं वाढलेले. २००८ साली त्याची जनुकं वाचली गेली तेव्हा लक्षात आलं की त्या पाण्यात जवळजवळ एकटी हीच जात नांदते. कॅनडातल्या किड क्रीक खाणीत २.४ किलोमीटरवर अब्जाहून जास्त वर्षं कोंडलेलं पाणी मिळालं, तिथल्या सल्फेटचाही उगम असाच निघाला.

आपल्या पायाखाली काय असेल? कोयनेजवळ भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल विंधनविवरं घेतली गेली. ती एक किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट ओलांडून ग्रॅनाइटमध्ये उतरली आणि त्या ग्रॅनाइटमध्येही जिवाणू सापडले. मला हे वाचून घरच्या माणसाची खबर मिळाल्यासारखं झालं. अण्णांचा बोर त्या मानानं ओरखडासुद्धा नाही.

आता पिण्याच्या पाण्याकडे येते, कारण शेवटी लोक माझ्याकडे येतात ते त्यासाठी. युरेनियम म्हटलं की सगळ्यांना किरणोत्सर्ग आठवतो. पाण्यातल्या युरेनियमची पहिली भीती ती नव्हे. ते जड धातू म्हणून मूत्रपिंडाला त्रास देतं, रासायनिक विषासारखं. म्हणून लिटरला ३० मायक्रोग्रॅम ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनं घातली आणि भारतीय मानकातही आता तीच आहे. आणि उथळ पाण्यात, आपण पितो त्या थरात, युरेनियम सुटं करायला अल्फा कणांची वाट बघावी लागत नाही. वरून झिरपणारा प्राणवायू असतो, कठीण पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट असतं. आणि खतातून झिरपलेलं नायट्रेट असतं. अमेरिकेतल्या हाय प्लेन्स आणि सेंट्रल व्हॅली या दोन मोठ्या जलधरांच्या, म्हणजे जमिनीखालच्या पाणी धरणाऱ्या थरांच्या, नोंदींचा अभ्यास २०१५ साली आला. जिथं नायट्रेट जास्त तिथं युरेनियमही जास्त, असा त्याचा निष्कर्ष. नायट्रेट हेही ऑक्सिडीकरण करतं. खडकाला जे पेरॉक्साइड ग्रॅमभर साठवायला लाखभर वर्षं लागतात, त्याचं काम आपण एका हंगामात, गोण्या रिकाम्या करून उरकतो.

हे मी द्राक्षाच्या जिल्ह्यात बसून लिहिते आहे. आमच्या खडकात सुटं व्हायला युरेनियम नाही, हे आमचं नशीब. पण नायट्रेट मी रोज बघते. लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडलेल्या बाटल्या आल्या की मी अहवालावर आकडा लिहिते, त्याखाली रेघ ओढते, आणि शक्य असेल तिथं फोन करते. घरात तान्हं मूल आहे का, हे विचारते. वरचं दूध ज्या पाण्यात कालवतात ते पाणी बदला, हे सांगते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट दाट होतं, हेही सांगते. समोरचा माणूस बहुतेक वेळा आधी विचारतो, "पण मॅडम, ते युरेनियम नाही ना?" नाही म्हटलं की त्याचा जीव भांड्यात पडतो, आणि मग नायट्रेटचं बोलणं त्याच्या कानापर्यंत नीट पोचत नाही. याचं मला खरोखर वाईट वाटतं. पेपरातल्या भीतीनं पाणी तपासायला लोक येतात हे चांगलंच आहे, पण भीतीचं नाव एकच असलं की बाकीचं दिसेनासं होतं.

कार्तिकात पुन्हा सिन्नरला गेले. बांधावरचे ढीग पावसानं मिसळून एकसारखे करडे झाले होते. फक्त लाल ढीग नव्हता. तो काकूनं पावसाआधीच घमेल्यात भरून गोठ्यात ठेवला होता आणि आता चाळून, पाण्यात कालवून, तुळशीवृंदावनाला हातानं लावत बसली होती. तुळशीचं लग्न चार दिवसांवर होतं. ओल्या गेरूवर तिची बोटं उमटत होती, आणि वाळला तिथं रंग विटकरीवर येत होता.

"पाणी चांगलं निघालं म्हणे," ती मान वर न करता म्हणाली. "हे सांगत होते, ते काय ते नाही त्यात."

"युरेनियम नाही, काकू. पण नायट्रेट जास्त आहे, साठाच्या वर. मी अण्णांना सांगितलं होतं."

तिचा हात थांबला. सुनेला सातवा महिना होता. "ते काय असतं?"

मी चपला काढल्या, ओट्यावर तिच्याशेजारी बसले, आणि घमेल्यातला थोडा गेरू हातावर घेतला.